बिडाचा खरबरीत तुकडा

कासारवाडीच्या चित्राताई चाकणच्या एका इटालियन कंपनीची माहितीपुस्तकं घरी बसून इंग्रजीत आणतात. इटालियन त्या चाळिशीत शिकल्या, तेही नवऱ्याशी पैज लावून. मुकुंदराव महाळुंग्याला मशीन शॉपमध्ये होते. माणूस सोन्यासारखा, पण बोलणं असं फटकळ की दूधवालासुद्धा बेल वाजवून दोन पावलं मागे सरायचा.

पहिल्याच कामात ‘रुविदो’ हा शब्द आडवा आला. शब्दकोशात त्याच्यापुढे इंग्रजी अर्थांची रांगच: रफ, कोर्स, हार्श, ग्रफ. चित्राताई डोक्याला हात लावून बसल्या. दुसऱ्या दिवशी मुकुंदरावांनी डब्याच्या पिशवीतून बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक टाकाऊ तुकडा आणला, साच्यातून निघालेला, तसाच.

“नख फिरव. अडकतं? मग रफ लिही. कोर्स तुझ्या सतरंजीला, हार्श तुझ्या आईच्या आवाजाला.”

“आणि ग्रफ?”

“तो मी!” म्हणाले, आणि स्वतःच गडगडून हसले.

तेव्हापासून हा शब्द आला की आधी नख फिरवायचं, मगच लिहायचं. मुकुंदराव गेल्यावर तर शब्द नसतानाही त्या नख फिरवत. तो तुकडा हातात घेतला की थेट त्यांचा तळहात हातात आल्यासारखं वाटे. फार आठवण येई. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं थोडंच होतं?

यंदा खंडेनवमीला पूजेसाठी घरातली अवजारं निघाली. पाने, हातोडी, चित्राताईंचा शब्दकोश. सून मधुवंती भारी हौशी. सासऱ्यांची वस्तू पाटावर अशी ओबडधोबड कशी ठेवायची, म्हणून तिनं तो तुकडा गच्चीवर नेऊन पॉलिश पेपरनं घासघास घासला. वर झेंडूचं फूल ठेवलं.

“आई, बघा ना, कसा लख्ख झालाय! बाबांना आवडला असता, नाही?”

चित्राताईंनी तिच्या हातांकडे पाहिलं. पोरीची बोटं काळी झाली होती, एक तर सोललं होतं. रागवायचं तरी कुणावर?

“छान केलंस गं,” त्या म्हणाल्या.

पुजलेल्या वस्तूला दसरा होईपर्यंत हात लावायचा नसतो. त्यांनी लावला नाही. दसरा झाला, कामाला बसल्या. पुस्तकात लिहिलं होतं, रंग देण्याआधी पत्रा रुविदो करून घ्या, नाहीतर रंग धरत नाही. त्यांनी सवयीनं तुकडा उचलला, नख टेकवलं.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा, अगदी सावकाश, या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवलं. नख कुठंच अडकलं नाही.