दुखणं शुद्ध मराठीत सांगा

फिनेलचा वास आला की मला शहाद्यातल्या एका दवाखान्याची मागची खोली आठवते. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटीचं, म्हणजे राग-भीती आवरता न येणाऱ्या मानसिक आजाराचं, निदान झालेले आम्ही सहा जण दर गुरुवारी तिथे गोल करून बसायचो आणि आळीपाळीने आपापलं सांगायचो. बाहेर रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची धडधड चालू असायची. आमच्यात तापीकाठच्या गावाहून एसटीने येणारी एक बाई होती. चार गुरुवार ती नुसती पदराचं टोक पिळत बसली. पाचव्या गुरुवारी मात्र आपणहून बोलू लागली, "मन्हा नवरा घर येवाले उशीर करस ना, तं माले वाटस, सोडीच ग्या माले. मंग मी मन्हाच हात..." तेवढ्यात बाहेरगावाहून नवे आलेले डॉक्टर म्हणाले, "शुद्ध मराठीत सांगा, मला लिहून घ्यायचंय." तिने बाही मनगटापर्यंत खाली ओढून घेतली आणि ती जमिनीकडे बघू लागली. माझं डोकंच फिरलं. मी ताडकन उभी राहिले, "डॉक्टर, दुखनं बी शुद्ध-अशुद्ध रहास का? समजत नही तं आमले इचारा!" त्यांनी शांतपणे माझी फाईल ओढली आणि मला दिसेल असं लिहिलं, ‘राग अनावर.’ बाकीच्यांनी मात्र आपापल्या खुर्च्या तिच्याकडे वळवल्या. बऱ्याच वेळाने तिने उरलेलं सांगितलं, आम्हाला, आमच्या बोलीत. या आजारात मी पुष्कळांवर विनाकारण भडकले आणि त्यांना गाठून माफीही मागितली आहे. त्या गुरुवारच्या रागाची मात्र कधीच मागणार नाही.