भरला हंडा घेऊन विहिरीवर

आमच्या गावात कामाशिवाय चालणारी बाई एक तर वेडी, नाहीतर नवऱ्यानं टाकलेली. शहापूरच्या डॉक्टरांना हे कुठून माहीत असणार! त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, कोरा चहा कमी करा, वेळेवर झोपा, आणि सकाळी नुसतं चालून या. एकट्यानं, सावकाश, श्वासाकडे लक्ष ठेवून. नवरा वाशिंदच्या कारखान्यात कामाला होता, त्या दिवशी खाडा करून आलेला. बाहेर पडल्यावर म्हणाला, "मग दिवसभर तू काय झोपून असतेस?"

नव्वद सालानंतरची गोष्ट. माझं पहिलं बाळ बारशाआधीच गेलं आणि तेव्हापासून छातीत ही धडधड बसली. तांदूळ निवडता निवडता हातपाय गार पडायचे, घाम फुटायचा, आता आपण मरणार असंच वाटायचं. माझं माहेर मुरबाडकडचं. तिकडे अंगारा लावून झाला, लिंबू उतरवून झालं. काही उपयोग नाही. मग एक दिवस चुलत सासरे माझ्यासमोरच नवऱ्याला म्हणाले, "बरी व्हायची नसंल तर पोचव तिला माहेरी. दुसरी मिळंल." नवरा गप्प राहिला. ते गप्प राहणं मला आजही टोचतं.

म्हणून मी चालायला लागले. निमित्त पाहिजे, म्हणून काखेत रिकामा हंडा घ्यायची. विहीर गावाबाहेर होती. ती ओलांडून मी बांधाबांधानं नदीपर्यंत जायची आणि येताना विहिरीवर हंडा भरून आणायची. आणि खरंच सांगते, फरक पडत गेला. धडधड यायची, पण आली तशी निघूनही जायची. दुपारी दोन घास पोटात जाऊ लागले.

पौषात म्हसा गावची गुरांची जत्रा आली. शेजारचे काका बैलजोडी विकायला निघाले आणि नेमकी वेशीवर मी समोर, काखेत रिकामा हंडा! घराबाहेर पडणाऱ्याला रिकामं भांडं दाखवू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही कळतं. मला नाही सुचलं. वाटेत एका बैलाचा पाय मुरगळला आणि जोडी तशीच परत आली. काका आमच्या अंगणात उभे राहून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असे ओरडले. चुलत सासरे होतेच तयार, "मी सांगत नव्हतो?" मी आत चुलीपुढे बसून रडत होते. आता चालणं बंद, आणि मग माहेरची वाट, एवढंच डोक्यात होतं.

माझी सासू तोंडानं फटकळ. बाळ गेलं तेव्हा ती माझ्याजवळ बसली नाही, की पाठीवरून हात फिरवला नाही. तीच अंगणात गेली. "माझ्या सुनेनं काय बैलाला लाथ घातली? घरी जा. पाय शेका बैलाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रांजणातलं पाणी काढून हंडा काठोकाठ भरला आणि स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर चढवला.

"घे. भरला न्ये, भरला आण. बघू कोण काय बोलतो."

बायका हसल्याच. एकीनं विचारलं, "काय गो, भरला हंडा घेऊन विहिरीला?" मागून सासूनं उत्तर दिलं, "विहीर आटलीय, तिच्यात वतायला चाललीय!"

मान दुखून यायची. पण भरला हंडा डोक्यावर असला की बाईला सावकाशच चालावं लागतं, आणि मनाला भटकायला सोय राहत नाही. कित्येक वर्षं मी तशी चालले. मला कुणी माहेरी पोचवलं नाही. पुढं मुलगी झाली, ती जगली.

मग गावात नळ आले. सासू अंथरुणाला खिळली. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते, तेव्हा विचारलं, "आई, तेव्हा तुमी माझा हंडा का भरलात?"

तिनं तोंडातला घास गिळला. मग म्हणाली, "माझी दोन गेली गो. तुझ्या नवऱ्याच्या आधी."

हे मला त्या घरात कुणीच सांगितलं नव्हतं.

"मलापण तसंच व्हायचं. हात थांबला की जीव घाबरायचा. मंग पहाटे उठून जातं फिरवत बसायची. घरात दाणे नसायचे, तरी फिरवायची. रिकामं जातं फिरवलं तर घर बसतं, बरकत जाते, म्हणून माझ्या सासूनं जात्याचा खुंटाच काढून ठेवला."

मी तिचा हात धरला. तो गार पडला होता, तळव्याला घाम होता. असा हात मला नवा नव्हता.

"अजून व्हतं?" मी विचारलं.

तिनं हो म्हणून मान हलवली. "माझ्या जात्यात मूठभर दाणे कुणी टाकले नाय गो."

वाटीतली पेज निवत चालली होती. मी पुढचा घास तिच्या तोंडाशी नेला, पण तिनं ओठ मिटून घेतले.