अक्कांचा हेवा

अक्का गेल्याची बातमी मला पुण्याहून आली. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या होत्या कोल्हापुरातच, घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवरच्या दवाखान्यात. आणि मी होते मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी, त्यांच्याच खोलीच्या वरच्या मजल्यावर, त्यांच्यासाठी मुगाची खिचडी डब्यात भरत. फोन वाजला. पलीकडून माझी लेक स्नेहल रडत होती. "आई, मोठी आई गेली गं..." अक्कांच्या मुलानं, संदीपनं, पहिला फोन तिला केला होता, मला नाही. राग यायची ती वेळ नव्हती, पण आला. पुढं तेरा दिवस जो भेटायला आला तो स्नेहलच्या पाठीवरून हात फिरवत राहिला आणि मी चहाचे कप उचलत राहिले. आता महिना उलटून गेलाय. अक्कांवर लिहायला बसलेय तर खरं लिहावं म्हणते. पस्तीस वर्षं मी या बाईचा हेवा केला.

हेव्याचं मूळ माझ्या नोकरीत. मी शाळेत शिक्षिका. स्नेहल तीन महिन्यांची असताना तिला अक्कांच्या ओटीत टाकून मी हजेरीपुस्तकावर सही करायला गेले, ती निवृत्त होईपर्यंत जातच राहिले. अक्कांना मुलगी नव्हती. त्यांनी पोरीला न्हाऊमाखू घातलं, तिच्या उवा काढल्या, पाढे मात्र माझ्यासाठी ठेवले. मी घरी आले की पोरगी पाढे म्हणायची आणि खाली पळायची. ती कॉलेजात पहिली आली ते अक्कांना आधी कळलं. मुलगा पसंत आहे हे अक्कांना आधी कळलं. इतकंच काय, माझी नात मनवा होणार ही बातमीही तिनं आधी खाली फोन करून दिली आणि अक्का जिना चढून मला सांगायला आल्या. दम लागला होता त्यांना, चेहरा नुसता फुलला होता. मी म्हटलं, "मला माहितीय." माहीत काहीच नव्हतं.

तसं पाहिलं तर अक्का सगळ्यांच्याच. पाच घरांची वर्षाची चटणी त्या एकट्या करायच्या. आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसणाची लाल तिखट चटणी, वर्षभर आमटीत आणि रश्श्यात तीच. उन्हाळ्यात मिरच्या निवडायच्या, देठं काढायची, खोबरं-तीळ भाजायचे, मिरची-कांडपाच्या डंकावर नंबर लावून कांडून आणायचं. आमचं घर, त्यांचं घर, गारगोटीच्या वन्सं, वारणानगरचे दीर, आणि पुण्यात स्नेहल. प्रत्येकाचं तिखटाचं माप वेगळं आणि ते सगळं अक्कांच्या डोक्यात. एका वर्षी मी माहेरी जाऊन गुपचूप स्वतःची चटणी करून आणली आणि अक्कांच्या बरणीत भरून ठेवली. आमच्या ह्यांनी पहिल्याच घासाला मान डोलावली, "वैनीच्या हाताला तोड न्हाय बघ." आता सांगावं तर दुसऱ्या दिवसापासून तीच चटणी खारट लागणार. वर्षभर मी माझ्या चटणीची तारीफ अक्कांच्या नावानं ऐकली आणि गप्प बसले. असली चूक माझ्याच हातून व्हायची.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मनवा सुट्टीला आली होती, तेव्हा सहा वर्षांची. तिला एक कार्टूनचा सिनेमा बघायचा होता. मी नेणार होते, तर "मोठी आजी पण पाहिजे" म्हणून बसली. गेलो तिघी. गोष्ट एका कासविणीची होती. तिच्या पाठीवर सगळं गोत राहतं. कुणी तिथं घर बांधलंय, कुणी झोपाळा टांगलाय, कुणी वांगी लावलीत, आणि चढा-उतरायला सोपं जावं म्हणून तिच्या मानेशीच पायऱ्या केल्यात. मग एक दिवस गारा पडतात. सगळे आपापल्या घरात शिरतात आणि कासविणीला मान आत घ्यायची असते तर पायऱ्या आडव्या येतात... थिएटरभर पोरं हसत होती. अक्का हसल्या नाहीत. शेवटी ती कासवीण चिडत नाही, रडत नाही, नुसतं "उतरा जरा" म्हणते. सगळी घाबरत घाबरत उतरतात आणि पायाखाली जमीन लागते. मला गोष्ट बरी वाटली, इतकंच. बाहेर आल्यावर मनवा म्हणाली, "मोठी आजी म्हणजे ते कासव. आणि आजी, तू ती पाठीवर बसून कुरकुर करणारी धाकटी!" तिला आइस्क्रीम दिलं, पण मनातून दिलं नाही.

रिक्षात अक्कांनी मनवाला मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "सुमे, त्यात वाईट कोणच नव्हतं बघ. सगळी तिचीच, मायेचीच. तरी तिला मान आत घेता यीना." मी म्हटलं, "अक्का, पोरांचा सिनेमा तो." "व्हय की," म्हणाल्या आणि रस्त्याकडं बघत बसल्या.

आठवड्यानं गारगोटीच्या वन्संचा मिरच्यांसाठी फोन आला. अक्कांनी सांगून टाकलं, "औंदा माझ्यापुरतीच करणार हाय. या, शेजारी बसा, शिकवते. पण तुमची तुम्ही करायची." घरात भूकंप व्हायचा बाकी राहिला. वन्सं म्हणाल्या, "वैनी, आमचं काय चुकलं काय?" दीर म्हणाले, तब्येत दाखवून घ्या. अक्का प्रत्येकाला एकच सांगत, कुणाचं काही चुकलं न्हाय, माझं खांदं दुखत्यात. आणि मी? मी काय केलं असेल? पस्तीस वर्षं जी गादी पाहिजे होती ती रिकामी दिसल्यावर मी उडी मारून बसले. "मी करते सगळ्यांची!" जाहीर केलं. डोळे सुजले, हातांची आग चार दिवस गेली नाही, ताप भरला. चटणी पोचल्यावर सगळीकडून एकच निरोप... वैनीसारखी न्हाय झाली. ह्यांनीसुद्धा तेच म्हटलं. अक्का माझ्या उशाशी बसून हाताला तूप चोळत होत्या. म्हणाल्या, "अगं येडे, मी वझं खाली ठेवलं ते तू उचलावं म्हणून न्हाय." मला वाटलं, शिकवतायत. मी हात काढून घेतला.

पण त्याच सुमारास एक नवल घडलं. स्नेहल रोज संध्याकाळी मला फोन करायला लागली. पहिल्या दिवशी जावयाशी झालेलं भांडण सांगून खूप रडली. मग रोजच... सासूबाईंचं दुखणं, ऑफिसातली कटकट, मनवाचा अभ्यास. आधी मला! मी तर हवेत. शेवटी रक्त ते रक्त, असं मनाशी म्हणायची. आणि खोटं कशाला बोलू, खाली जाऊन अक्कांना ऐकवायचीही. "आज आला का हो स्नेहलचा फोन? मला आत्ताच येऊन गेला, चांगली अर्धा तास बोलली." अक्का भाजी निवडत म्हणायच्या, "व्हय काय? बरं झालं की." त्यांच्या तोंडावर काही दिसतंय का, ते मी निरखून बघायची. दोन वर्षं मी जिंकल्याच्या तोऱ्यात होते.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर अक्कांच्या खोलीत आम्ही तिघंच उरलो, मी, स्नेहल आणि संदीप. स्नेहल म्हणाली, "आई, त्या भांडणाचा पहिला फोन मी मोठ्या आईलाच केला होता. तिनं ऐकूनच घेतलं नाही. म्हणाली, हे आधी तुझ्या आईला सांग. तू सारखी माझ्याकडं आलीस की तिची जागा रिकामी राहती. मला इतका राग आला, आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. पुढंही कमीच झालं गं बोलणं." संदीप इतका वेळ पंख्याकडं बघत होता. तो म्हणाला, "काकी, आई रोज सांजच्याला फोन म्होरं घेऊन बसायची. मी म्हणायचो, स्नेहलला तूच लाव की. तर म्हणायची, आत्ता नगं, आत्ता तिचा सुमीशी लागलेला असतोय."

मला रडू आलं, ते सगळ्यांना योग्यच वाटलं. पण त्या रडण्यात काय काय होतं ते सांगते. लाज होती. अक्कांची ओढ होती. आणि संतापही होता, कारण जी एक गोष्ट मी स्वतः मिळवली म्हणून मिरवली, तीसुद्धा त्यांनीच जिना चढून मला आणून दिल्यासारखी निघाली. पोटच्यासारख्या पोरीवरची माया आवरायची, तिला दुसरीकडं वळवायचं आणि त्या दुसरीचे टोमणे भाजी निवडत ऐकायचे... बाई, कुठून आणलं हे बळ?

परवा मनवाचा फोन आला. आईच्या मोबाइलवरून, आई आंघोळीला गेली असताना. आवाज अगदी बारीक केला होता. "आजी, एक सांगू? फक्त तुला सांगतेय. आईला नाही सांगायचं हं." शाळेतली काहीतरी गोष्ट होती. एवढ्याशा वाक्यानं मला काय झालं म्हणून सांगू! फक्त तुला, असं मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. काय म्हणायचं ते मला ठाऊक होतं. बाळा, हे आधी आईला सांग. वाक्य ओठांवर आलंही होतं.

मी दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "सांग बाई, कुणाला नाही सांगत."