चाचींचा बिर्याणीचा टोप

मामाला घरी बिअर करायची होती, पण वीस लिटर पाणी उकळेल असं भांडं घरात नव्हतं. कॉलेजसाठी मी आखातात, अल् घुब्राला त्याच्या फ्लॅटवर राहत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मला सगळं येतं असं त्याला वाटायचं. प्यायच्या पाण्याचं स्टीलचं पिंप मीच सुचवलं, कारण त्याला तोटी होती. शेगडीवर तोटीतलं रबर वितळलं आणि जवाचं चिकट पाणी ओट्यावरून खाली आलं. फरशी पुसता पुसता मी वैतागलो.

"शेजारच्या चाचींचा बिर्याणीचा टोप आण," मामा म्हणाला. "पाणी तापवायचंय म्हण. खोटं आहे का?"

चाची रत्नागिरीच्या. दर शुक्रवारी त्या आम्हाला जेवणाचं ताट पाठवायच्या. त्यांनी टोप काढलाही.

"किती माणसं हत रे जेवायला?"

"कोणी नाही."

"मग येवढा टोप कशाला?"

मला खोटं सुचेना. "बिअर उकळायला, चाची. पाण्याच्या पिंपात करत होतो, त्याची तोटी वितळली."

त्यांनी टोप आत नेला. "ह्यात इफ्तारचं शिजतं रे," एवढंच म्हणाल्या.

"कॉलेजात हेच शिकवतात?" मामा ओरडला. शेवटी त्याने तोटी काढून भोकात बोल्ट बसवला. मला मात्र ताटाची काळजी लागली होती.

शुक्रवारी ताट आलं. वर निरोप होता, "धुऊन दे. त्या पिंपातल्या पाण्यानं नको."