चार मतांचं गाव

जवळजवळ सालभर दर रविवारी मी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत होतो आणि दर रविवारी पडत होतो. हे वाचून कुणी मला मोठा माणूस समजू नये. मी बाळा, अंधेरीच्या एमआयडीसीत पंपांच्या कारखान्यात डिस्पॅचचा कारकून. निवडणूक व्हायची ती मरोळ गावठाणात, क्लेमेंट परेराच्या ओट्यावर, पुठ्ठ्याच्या नकाशावर.

क्लेमेंट आमच्याच कारखान्यात टर्नर होता. अंगानं थोराड, गळ्यात काळ्या दोऱ्यातला क्रूस, आणि लग्नसराईत गावठाणाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारा. परेरा मंडळी मरोळची मूळची. त्यांची भातशेती होती तिथंच आता आमचा कारखाना उभा होता. "मी माज्या आजाच्या खळ्यावर लेथ चालवतो," असं तो नव्या साहेबाला पहिल्याच दिवशी ऐकवायचा, आणि साहेब गोंधळला की स्वतःच हसायचा.

आमची दोस्ती जमली तीही एका निवडणुकीतच. मी कँटीन कमिटीला उभा राहिलो होतो आणि माझा सूचक होता क्लेमेंट. मला दोन मतं पडली, एक माझं आणि एक त्याचं. अनुमोदक त्या दिवशी रजेवर होता. मी तोंड लपवत फिरत असताना क्लेमेंट मात्र साऱ्या शॉपमध्ये सांगत सुटला, "आमचा माणूस पडला, पण पक्ष फुटला नाय." पुढच्या वर्षी त्यानं पुन्हा माझंच नाव सुचवलं. मी पुन्हा पडलो.

त्र्याऐंशीच्या नाताळात न्यू जर्सीहून त्याच्या थोरल्या भावाचं, हेन्रीचं, पार्सल आलं. त्यात हा खेळ होता. हेन्रीचं तिकडे गॅरेज होतं आणि क्लेमेंटनं तिकडे यावं म्हणून तो कधीपासून मागे लागला होता. भावाला देशाची ओळख व्हावी हा त्याचा हेतू असावा.

खेळ तसा सोपा होता. नकाशावर अमेरिकेची सगळी राज्यं, प्रत्येकावर त्याची मतं छापलेली. दर महिन्याला प्रचाराची एक खेप, खेपेला हातात मोजक्याच सोंगट्या. जिथं जाल तिथं सोंगटी ठेवायची. शेवटी ज्या राज्यात ज्याच्या सोंगट्या जास्त, त्याला तिथली सगळीच्या सगळी मतं. दुसऱ्याच्या वाट्याला भोपळा. कुठं जायचं आणि कुठं जायचं नाही, एवढंच काय ते ठरवायचं असतं, आणि माझं घोडं नेमकं तिथंच पेंड खायचं.

आधी मी फक्त मोठी राज्यं धरली. कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यूयॉर्क. सगळा माल तिथं ओतला, आणि क्लेमेंटनं उरलेला देश सावकाश वेचून नेला. मग मी उलटं केलं. हळदीकुंकवाच्या वाणासारखी घरोघर एकेक सोंगटी वाटली, कुणी नाराज होऊ नये म्हणून. कुणीच नाराज झालं नाही आणि मी जवळजवळ सगळीकडे एका सोंगटीनं पडलो. त्यानंतर क्लेमेंट जाईल तिथं त्याच्या मागून जायचं ठरवलं. दोन खेपांत हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं मला वाळवंटात नेऊन सोडलं.

सुरुवातीलाच प्रत्येकानं आपलं गाव म्हणून एक राज्य निवडायचं आणि तिथं एक सोंगटी फुकट ठेवायची, असा नियम होता. क्लेमेंट भावाचं न्यू जर्सी घ्यायचा. मी मेन नावाचं राज्य घेतलं. नकाशात अगदी वर, उजव्या कोपऱ्यात, समुद्राला लागून, किनारा खाड्यांनी कुरतडलेला. बघताक्षणी मला ते माझं देवगड वाटलं. त्याला मतं होती चार.

"चार मतांचा गाव घेतलास?" क्लेमेंट म्हणाला. "अरे, आमच्या वाड्यात एका घरात याच्यापेक्षा जास्त मतं हायेत."

"गाव काय मतं मोजून घेतात?" मी म्हणालो. दर रविवारी मी मेनच घेत राहिलो.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात हेन्रीनं भरलेले कागद एकदाचे पुढे सरकले आणि क्लेमेंटचं अमेरिकेला जाणं खरंच हाताशी आलं. तेव्हापासून त्याचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. एक दिवस जावंसं वाटे, दुसऱ्या दिवशी घरामागच्या विहिरीवर जाऊन बसे. त्याची बायको ज्युलिया म्हणाली, "तू ठरव. मग मी रडायचं का हसायचं ते ठरवते." ठरवणं त्याला कधी जमलंच नव्हतं, सोंगट्यांचं सोडून.

सप्टेंबरातल्या एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून तो घरी आला, नकाशा मांडला आणि म्हणाला, "आज शेवटचा फैसला. मी जिंकलो तर जानार. बाळा जिंकला तर ऱ्हानार."

मी हसलो. पण आत ज्युलिया फुगे, म्हणजे मैद्याचे टम्म गोळे, तळत होती, तिचा झारा हातातच थांबला. माझी बायको प्रेमा तिच्या मदतीला आली होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की माझं हसू जागच्या जागी विरलं. मी घाबरलो. मला दुसरे मित्र नव्हते असं नाही. पण दोनदा पडलेल्या माणसाचं नाव तिसऱ्यांदा सुचवणारा एकच होता, आणि तो चालला होता.

त्या दिवशी मी जन्मात खेळलो नाही असा खेळलो. मोठ्यांतलं एक धरलं, दुसरं खुशाल सोडलं. मधली राज्यं गुपचूप बांधत गेलो. फुग्यांना हातसुद्धा लावला नाही. सप्टेंबरची खेप आली तेव्हा चित्र स्वच्छ होतं. या खेळात प्रचार सप्टेंबरलाच संपायचा; ती खेप शेवटची, तीन-तीन सोंगट्यांची, आणि त्यानंतर थेट मोजणी. ओहायोत क्लेमेंटच्या दोन सोंगट्या, माझी एकही नाही. माझ्या तिन्ही तिथं पडल्या की ओहायो माझं, आणि ओहायो माझं म्हणजे निवडणूक माझी.

आधी क्लेमेंटची पाळी होती. त्यानं दोन सोंगट्या न्यू जर्सीत ठेवल्या, जे आधीच त्याचं होतं. तिसरी हातात धरून तो बराच वेळ बसला. मग हळूच ती मेनमध्ये ठेवली.

माझ्या गावात!

आता इथं थोडं घरचं सांगायला हवं. देवगडला आमच्या बांधावर एक फणस आहे. तो आमचा की चुलत्यांचा, हा दावा आजोबांपासून चालू आहे. फणस बरका आहे, आमच्या घरात कुणी खात नाही, पण त्याच्यासाठी तीन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवत आहेत. अशा रक्ताच्या माणसाच्या गावात परक्याची सोंगटी, तीही सप्टेंबरात, ऐन गणपतीच्या महिन्यात! मला ओहायो दिसेना की क्लेमेंट दिसेना. मेन बरोबरीत आलं होतं, एका सोंगटीनं भागलं असतं. मी तिन्ही टाकल्या.

"अहो, थंय खंय?" प्रेमा ओरडली. "ओहायो!"

"तू गप ऱ्हव," मी म्हणालो. "ह्यो घराचो प्रश्न आसा."

मोजणी झाली. मेन मी प्रचंड बहुमतानं जिंकलो. ओहायो गेलं, आणि ओहायोबरोबर अमेरिका गेली.

एरवी जिंकला की क्लेमेंट तोंडानं ट्रंपेट वाजवायचा. त्या दिवशी तो नुसता नकाशाकडे पाहत राहिला. मला वाटलं, यानं मला बरोबर ओळखलं. गावाचं आमिष दाखवलं आणि मी गळाला लागलो. म्हणजे याचं जाणं आधीच ठरलेलं होतं. "ठरवून केलंस," मी म्हणालो. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, "खेळ हाय रं" एवढंच म्हणाला आणि उठून विहिरीकडे गेला.

घरी आल्यावर दारात चप्पल काढताना प्रेमा म्हणाली, "फणस राखलात आनी माणूस घालवलात."

नाताळाआधी ती दोघं गेली. सहार विमानतळ मरोळपासून हाकेच्या अंतरावर, पण मला ते अंतर कोकणापेक्षा लांब वाटलं. जाताना खेळ त्यानं माझ्या हवाली केला. घरी येऊन खोका उघडला तर त्याची एक लाल सोंगटी कमी होती. मी तिसऱ्यांदा कँटीन कमिटीला उभा राहिलो नाही, कारण कुणी नाव सुचवलंच नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात क्लेमेंट रजेवर आला. वाळला होता. ट्रंपेट सोबत नव्हतं, तिकडे शेजारी तक्रार करतात म्हणाला. चहा घेतला, प्रेमाची चौकशी केली, आणि मग म्हणाला, "बाळा, तुज्या गावाला जाऊन आलो."

"देवगडला? कधी?"

"देवगडला नाय रं. मेनला."

मग त्यानं सगळं सांगितलं. उन्हाळ्यात गॅरेजला सुट्टी होती. हेन्रीचं बिऱ्हाड फ्लोरिडाला गेलं, ज्युलियाही त्यांच्याबरोबर गेली. हा एकटा बस बदलत बदलत उत्तरेला पोचला.

"लई लांब हाय. तुजी एसटी बरी. समुद्र हाय, खाड्या हायेत, होड्या हायेत. पिंजरे टाकून शेवंडं पकडतात. बोंबील नाय. एका म्हाताऱ्यानं विचारलं, कोनाकडे आलास? मी बोल्लो, दोस्ताचा गाव हाय, बघाया आलो."

"पण कशाला गेलास?"

त्यानं कप खाली ठेवला. "त्या दिवशी तुज्या गावात घुसलो ना मी. तुला गळ टाकला असं तुला वाटलं. मी टाकला नव्हता. मना ओहायो सांभाळता येत होता, मी सांभाळला नाय. जिथं काय फायदा नाय तिथं सोंगट्या ठेवल्या. बोल्लो, बाळा हसंल, ओहायो घेईल, आनि मी ऱ्हाईन."

हा माणूस हरायला बसला होता आणि मी त्याला हरूही दिलं नाही. त्याच्यासारख्या खेळाडूला स्वतःहून पडायचं होतं, तर पडण्यापुरता मी त्याच्यापेक्षा सरस निघालो.

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"काय बोलू? शब्द दिल्ता. आनि तू गावासाठी भांडत होतास. गावासाठी भांडनाऱ्याला मी काय सांगू, जानारा मानूस?"

माझे डोळे भरून आले. प्रेमा आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

"ती सोंगटी मी घेऊन गेल्तो," क्लेमेंट म्हणाला. "तुज्या गावात दर्यावर एक खडक हाय, त्याच्या खाली ठेवून आलो. आता काडून टाकू नको."

तीन पिढ्यांत आमच्या घराण्यानं बांधावरचा हक्क कधी सोडला नव्हता. "राहू दे," मी म्हणालो.

मग मी माळ्यावरून खोका काढला आणि आम्ही खेळायला बसलो. त्याच्याकडे एक सोंगटी कमी होती. तरी मी हरलो.