पायरीवरचं लाल पाऊल

माझा हात चांगला होता, हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही. कुरुंद्यात पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायची ती मीच आणि दुकानांच्या पाट्या लिहायच्या त्याही मीच. म्हणून निजामाच्या शेवटच्या वर्षांत बाजाराच्या मैदानात सिनेमाचा तंबू पडला, तेव्हा तंबूचा मालक सरळ आमच्या दारात आला. खेळ हडळीचा होता. भुताखेतांवर माझा कवडीचा विश्वास नव्हता, पण रंगकामाची हौस दांडगी.

मालक म्हणाला, "पेंटर, दहा चित्रं नकोत. एकच लाल पाऊल. पाटीवर तेच, गाडीवर तेच, वाटायच्या कागदावर तेच. शिरड शहापूरला बघितलेलं कुरुंद्यात बराबर ओळखू आलं पाहिजे. आणि बोटं कायम तंबूकडं, म्हणजे माणसं तिकडंच चालतील!"

मी पत्र्यात पावलाचा साचा कापला. आठ दिवस तो साचा आणि जवसाच्या तेलात कालवलेला लाल रंग, दुसरं काही सुचत नव्हतं. पाट्या झाल्या, गाडीची ताडपत्री झाली, कागद झाले. मग मला जास्तीचा हुरूप आला. आमच्या दाराच्या पायरीपासून थेट तंबूपर्यंत दगडादगडावर मी पावलं उमटवली. गाव बघायला जमलं आणि मी फुगून बसलो.

धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या आणि मी धावत जाऊन सुईणीला घेऊन आलो. म्हातारी पायरीपाशी आली आणि गपकन थांबली.

"हे कुणी काढलं रं?"

"मीच, मावशी. तंबूची जाहिरात हाय. चला लवकर."

"अरं येड्या, हडळीचे पाय उलटे असतात, ठावं न्हाई का तुला? बोटं भाईर म्हंजी ती आत गेली! अन आत कोण हाय? बाळंतीण! मी न्हाई येत बाबा."

आमच्या घराला मागचं दार नव्हतं. आतून बहीण ओरडली तशी आई दारात आली, पायरी बघितली आणि कडाडली, "तुझा मुडदा बशिवला! पाठच्या बहिणीच्या दारात हडळ घातलीस व्हय रं!"

घासलेट ओतलं, विटेनं घासलं. तेलाचा रंग दगडात मुरला होता, हटेना. सुईण समोरच्या लिंबाखाली जाऊन बसली. आतलं ओरडणं वाढत चाललं. गावात दुसरी सुईण नव्हती आणि आत बहीण मरणाच्या दारात होती, माझ्यामुळं. काय करू, कुणाच्या पाया पडू, काही समजेना. शेवटी शेजारून छिन्नी आणली आणि पावलाची बोटं ठोकून काढायला लागलो. मी ठोकायचो, आत ती किंचाळायची. मधेच तिचा आवाज आला, "दादा, लवकर कर रं!" बोटं निघाली तशी मी टाचेच्या जागी लाल रंगानं पाच नवी बोटं काढायला घेतली, घराकडं तोंड करून.

तेवढ्यात मालकाची गाडी आली. "पेंटर! सगळीकडं एक आणि इथंच उलटं? लोक काय समजतील?"

"हडळ परत गेली असं समजतील, मालक. तुमच्या तंबूत बघा!"

तो माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत निघून गेला. मी पाचवं बोट पुरं केलं. सुईण उठली. ओली बोटं कुणीकडं वळलीत ते तिनं वाकून बघितलं. मग लुगडं आवरून, पाऊल चुकवून आत गेली.

मी पायरीवरच बसलो. ओरडणं थांबलं आणि मी दाराला कान लावला. मग बारीक रडणं ऐकू आलं. थोड्या वेळानं सुईण फडक्यात गुंडाळलेलं लेकरू घेऊन दारात आली. "पोरगी हाय. माय बी बरी हाय."

मी उठून हात पुढं केला आणि खालून फडकं बाजूला केलं.

"आता गं बाई! पोरीचं तोंड बघायचं सोडून पायच काहून बघून राहिला रं?"

पाय सरळ होते. मी तिथंच खाली बसलो आणि पोरासारखा रडलो.