चाचींच्या वेळेवर चालणारा ओव्हन

उतारा, लिंबू-मिरची, बाहेरची बाधा... यातलं काहीही माझ्या दुकानात चालत नाही. शहरातल्या छावणी भागात माझं इलेक्ट्रिक रिपेअरिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं मिक्सर, गीझर, ओव्हन उघडतोय आणि आजवर एकाही मशीनमध्ये मला भूत सापडलेलं नाही – झुरळं मात्र ढिगानं सापडली. या पानावर लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि टिंगल करायचो. आता स्वतःच लिहायला बसलोय, तर तुम्हीही हसून घ्या.

मागच्या रमजानमधली गोष्ट. ईद दोन दिवसांवर होती. दुपारी हर्सूलहून रशीद सरांचा फोन आला. सर म्हणजे पाचोडच्या शाळेत मला मराठी शिकवणारे माझे गुरुजी. राहायचे शहरात आणि रोज एसटीनं पाचोडला यायचे.

"बाळू, ओव्हन चालू होत नाय रे. आजच ये. उद्या उपयोग नाय."

आजच का, ते तिथं गेल्यावर कळलं. सरांच्या पत्नी – आम्ही त्यांना चाची म्हणायचो – हिवाळ्यात गेल्या. चाचींची नानखटाई म्हणजे विचारू नका. आधी त्या पिठाचे गोळे ट्रेमध्ये मांडून बेकरीच्या भट्टीवर न्यायच्या आणि ईदच्या गर्दीत नंबर लावून भाजून आणायच्या. मग त्यांच्या भावानं सौदीहून हा मोठा ओव्हन आणला. त्याचा प्लग पॉइंट मीच बसवला होता.

चाचींशिवायची ही पहिलीच ईद. सरांनी त्यांच्या वहीत बघून स्वतः पीठ मळलं होतं. ओट्यावर दोन ट्रे भरून तयार... आणि ओव्हन ढिम्म. त्यातून पुण्याच्या मुलानं, इम्राननं, नवा ओव्हन मागवला होता. उद्या सकाळी कंपनीची माणसं तो आणणार आणि बदल्यात जुना नेणार.

"भैय्या, पुराना हो गया है," ईदसाठी पुढं आलेली सून नाझनीनभाभी हळूच म्हणाली. "अब्बू उगाच जीवाला लावून घेऊ लालेत."

सर एवढंच म्हणाले, "एकदा तिच्या ओव्हनमधी होऊ दे बाळू. मग खुशाल नेऊ दे."

सरांना रोजा होता, तरी त्यांनी माझ्यासाठी चहा ठेवला. मी नको म्हणालो, तर म्हणाले, "रोजा माझा हाय, तुझा नाय." त्या चहाचा मला फार संकोच वाटला, पण प्यायलो.

कामाला लागलो. सॉकेटला व्होल्टेज बरोबर. डिस्प्ले लागतो, आतला दिवा लागतो, कॉइल मात्र थंड. असल्या ओव्हनची एक खोड असते – लाइट जाऊन आली की घड्याळ शून्यावर लुकलुकत बसतं, आणि त्याला वेळ लावून दिल्याशिवाय ओव्हन गरम होत नाही. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. मी मोबाइलमध्ये बघून वेळ लावली, दोनशे डिग्रीवर बटण फिरवलं आणि कान दिला. आतला रिले, म्हणजे कॉइलला वीज सोडणारा स्विच, 'टक्' वाजला की समजायचं, काम झालं.

नाही वाजला.

मग मागचं पॅनेल उघडलं. फ्यूज चांगला, कटआउट चांगला. कॉइलला मिनिटभर डायरेक्ट सप्लाय दिला, तर लाल झाली. म्हणजे बिघाड कुठंच नाही, आणि तरी ओव्हन बंद! तास-दीड तास गेला. मला घाम फुटला होता... आणि सर एका स्टुलावर ट्रेवरचं फडकं सारखं करत बसले होते. त्यांच्याकडं बघवत नव्हतं. शाळेत गृहपाठ केला नाही म्हणून उभं राहायचो, तसंच वाटत होतं.

तेवढ्यात लाइट गेली आणि पाचच मिनिटांत आली. घड्याळ पुन्हा शून्यावर. माझा मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला होता. मी सहज विचारलं, "सर, किती वाजले?"

सरांनी मनगटावर बघून सांगितलं. मी ती वेळ लावली.

टक्.

कॉइल लाल झाली. सर उठून उभेच राहिले. भाभीनं तोंडावर हात ठेवला. मीही खूश... पण हॉलमधून मोबाइल आणला, तर सरांचं घड्याळ पुढं! माझी जुनी सवय, चुकीचं घड्याळ मला बघवत नाही. मी ओव्हनची वेळ दुरुस्त केली. टक् – कॉइल विझली.

सरांची वेळ लावली – चालू. बरोबर वेळ – बंद. चार-चार वेळा करून बघितलं. सरांच्या वेळेपेक्षा एक मिनिट मागं लावलं – बंद. एक मिनिट पुढं – बंद. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

"सर, तुमचं घड्याळ पुढं आहे."

"हाय ना," सर हसले. "मी पहिल्यापासून आळशी. पाचोडची गाडी चुकायची. म्हणून तुझ्या चाचीनं घरातली सगळी घड्याळं पुढं करून ठेवली, मला न सांगता. हे मनगटावरचं बी."

"तुम्हाला कळलं नाही?"

"दुसऱ्याच आठवड्यात कळलं. पण बोललो नाय. तिला वाटायचं मला माहीत नाय, मी तसंच वाटू दिलं. रोजा तेवढा मशिदीच्या अजानवर सोडायचो, बाकी सगळं तिच्या टायमावर."

भाभीचा चेहरा उतरला. "अब्बू... अम्मींच्या चाळिसाव्याला इम्राननं सगळी घड्याळं बरोबर केली. किचनमधलंही. तुमच्या हातातलं तेवढं राहिलं."

चाची लाइट आल्यावर ओव्हनला वेळ लावायच्या, ती किचनच्याच घड्याळात बघून. आणि चाळिसाव्यानंतर त्या दिवशी पहिल्यांदाच कुणीतरी ओव्हन लावत होतं.

त्या संध्याकाळी दोन्ही ट्रे भाजून निघाले. अजान झाल्यावर सरांनी खजूर खाल्ला आणि मग नानखटाईचा तुकडा तोंडात टाकून सावकाश चघळला. मग म्हणाले, "वेलची कमी पडली." आणि रडले. भाभी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मीही रडलो.

रात्री इम्रानचा फोन आला तेव्हा भाभीनंच सांगून टाकलं, "नया वाला पुणे मंगवा लो. ये कहीं नहीं जाता."

ईदनंतर मी ओव्हनचं कार्ड, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, काढून दुकानात आणलं. टेबलावर कोणतीही वेळ लावा, रिले वाजतो. परत नेऊन बसवलं, की फक्त चाचींची वेळ. दोन जाणकार मित्रांना विचारलं. एक म्हणाला मेमरीचा घोळ, दुसरा म्हणाला लूज सोल्डर. मी मान हलवली. दोघांचंही मला पटलेलं नाही, आणि माझ्याकडं तिसरं कारण नाही.

घड्याळ नेमकं किती मिनिटं पुढं, हे मला माहीत आहे. पण इथं लिहिणार नाही, कारण सर हे पान वाचतात. त्या दिवशी दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले होते, "बाळू, आकडा मला सांगू नको. मी कधी मोजला नाय. एकदा कळला की मी वजा करत बसंन."

मागच्या महिन्यात दुकानात फोन वाजला. "बाळू, लाइट जाऊन आली. आन् हातातल्या घड्याळाचा सेल बी संपलाय. किती वाजले रे?"

माझ्या दुकानात दोन घड्याळं आहेत. दुसरं मी त्या ईदच्या दुसऱ्याच दिवशी लावलं. गिऱ्हाईकं विचारतात हे चुकीचं का, तर काहीतरी सांगतो. मी त्यात बघून सरांना वेळ सांगितली. फोनवर बटणं दाबल्याचे आवाज आले, मग टक्.

"लागला," सर म्हणाले. "संध्याकाळी ये. या वेळी वेलची बरोबर हाय."